पुतळा घेताय? आधी चड्डीचं विचारून घ्या

सुपरहिरोंचे पुतळे जमवायची हौस तुम्हाला लागली असेल, तर मनापासून अभिनंदन. खानदेशातल्या माणसाला पैसा घालवायला आजवर तीनच वाटा होत्या: कापूस, लग्न आणि ग्रामपंचायतीची निवडणूक. त्यात निदान जेवणावळी तरी उठायच्या. तुम्ही चौथी वाट शोधलीत, जिच्यात तेवढंही होत नाही.

गेल्या आठवड्यात मला एक मेल आला. त्यात काय होतं ते पुढं येईलच. पण तो वाचल्यापासून नव्या हौशी मंडळींना चार शब्द सांगावेत असं फार वाटतंय.

सगळ्यात आधी, ‘आता हाच कायमचा पोशाख’ असं कुणी म्हणालं की डोळे मिटून विश्वास ठेवा. सुपरमॅन १९३८ साली ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आला तोच मुळी निळ्या कपड्यांवर लाल चड्डी घालून. लोक हसले, विनोद झाले, शाळेत आपणही केले. चड्डी जागेवर राहिली. मध्ये १९९७ साली त्याला विजेचा माणूस केला, निळा-पांढरा, पाठीवरची केपसुद्धा काढून घेतली. वर्षभरात ते गुंडाळलं. मग २०११ च्या सप्टेंबरात डीसीनं, म्हणजे सुपरमॅन छापणाऱ्या कंपनीनं, जुनी मासिकं थांबवून एकदम ५२ मासिकं अंक एकपासून सुरू केली आणि त्या धांदलीत चड्डी गेली. चित्रकार जिम लीनं काढलेला नवा पोशाख आला: गळ्याशी उंच कॉलर, अंगभर चिलखतासारख्या रेघा. आम्ही आधी रडलो, मग एकमेकांना समजावलं की बाबा, काळ बदलला, आता असंच. २०१३ च्या सिनेमातही चड्डी नव्हती, म्हणजे शिक्कामोर्तबच. आणि २०१८ मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’चा हजारावा अंक आला, त्यात चड्डी परत! २०२५ च्या सिनेमात तर ती मोठ्या पडद्यावर मिरवतेय. म्हणजे २०११ साली जन्मलेलं पोर दुसरीत जाईपर्यंत ‘कायमचा’ पोशाख संपलासुद्धा.

वंडर वुमन घेणार असाल तर पँट धरून चालू नका. २०१० साली तिच्या सहाशेव्या अंकात पँट आणि जॅकेट आलं. पुढच्या वर्षी ५२ मासिकांच्या जाहिरातीत पँट दिसली, अंक छापून हातात येईपर्यंत ती गेली होती.

बॅटमॅन घेताना छातीवर पिवळा लंबगोल हवा की नको, याचा फार विचार करू नका. तो १९६४ ला आला, तेव्हापासून येतो-जातो. तुम्ही जो घ्याल त्याच्या उलटा चालू असेल.

वुल्व्हरिनचे तीन घ्या.

आता वेळेचं गणित. कॉमिकमधला पोशाख चित्रकार एका दुपारी बदलू शकतो. पुतळ्याचं तसं नसतं. आधी शिल्प, मग हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची मंजुरी, मग प्रोटोटाइप, मग रंगाचा नमुना, मग कारखाना, मग जहाज. वर्ष-दीड वर्ष सहज जातं, आणि ‘काही अपरिहार्य कारणांमुळे’ आलं की त्याच्या पुढं. तोवर मासिकात चार लेखक आणि दोन कॉलर बदललेल्या असतात. चित्रकाराला कॉलर खोडायला रबर पुरतं. तुमचा माल पॉलिस्टोनचा, म्हणजे रेझिनमध्ये दगडाची भुकटी. तिथं कॉलर काढायची तर छिन्नी लागेल. म्हणून पोशाख जाहीर झाल्याच्या दिवशीच घाई करून डिपॉझिट भरून टाका, आणि ते परत मिळत नाही या ओळीकडे दुर्लक्ष करा. ती बारीक अक्षरात असते, म्हणजे महत्त्वाची नसणार.

कस्टमचं टेन्शन घेऊ नका. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची ड्युटी २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०. तुमचा पुतळा हे खेळणं आहे की शोभेची वस्तू, हा प्रश्न तुम्हाला पडेल. ज्यात ड्युटी जास्त, ते.

कुरिअर भुसावळला येणार नाही. विचारू पण नका.

आल्यावर काचेच्या कपाटात ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पलीकडे जातो, दुपारची लाईट कुठं जाते ते तुम्हाला माहीत आहे. पीव्हीसीची, म्हणजे प्लॅस्टिकची फिगर असेल तर ती घोट्यातून हळूहळू वाकते आणि जूनपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करू लागते. पाहुण्यांना संस्कारी वाटतं.

घरच्यांना खरी किंमत सांगा. पारदर्शकता चांगली. माझे नाना रेल्वेतून रिटायर झालेले, खोका उघडताना समोरच बसले होते. थर्मोकोलमधून आधी केप निघाली, मग धड, मग वेगळं डोकं, मग दुसरं डोकं, ते चिडलेल्या चेहऱ्याचं. नानांनी विचारलं, ‘हाई काय शे रे भो?’ मी सांगितलं. ‘कितला लागनात?’ तेही सांगितलं. नाना थोडा वेळ दोन्ही डोक्यांकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘इतला पैसामा म्हैस ई जाती.’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण म्हशीचा पोशाख बदलत नाही.

नानांच्या तोंडी लागण्यात तसाही अर्थ नाही. ते प्लॅटफॉर्मवरच्या बुक स्टॉलवर इंद्रजाल कॉमिक्स घेऊन वेताळ वाचलेले. तो वेताळ म्हणजे फँटम १९३६ साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात सुरू झाला आणि आजही त्याच घट्ट कपड्यात, त्याच पट्ट्याच्या चड्डीत जंगलात फिरतोय. अमेरिकेत तो जांभळा, स्वीडनमध्ये निळा, इटलीत लाल. नानांचं म्हणणं, रंग हा छापखान्याचा प्रश्न, माणूस तोच पाहिजे. किती मागासलेले विचार!

आणि आता मुख्य सल्ला. ‘मर्यादित आवृत्ती’ घ्या. नेहमी मर्यादितच घ्या. पुतळ्याच्या तळाशी नंबर छापलेला असतो, सोबत जाडजूड कागदाचं प्रमाणपत्र येतं, आणि हा साचा पुन्हा वापरला जाणार नाही अशी तुमची समजूत होते. कंपनी तसं लिहून देत नाही, फक्त तुमची समजूत होऊ देते. माझा सुपरमॅन असाच मर्यादित. पाऊण हात उंच, उंच कॉलरचा, बिनचड्डीचा. हप्त्यानं घेतलेला. एका हप्त्याच्या वेळी घरी कूलर घ्यायचा होता, तो पुढच्या उन्हाळ्यावर ढकलला. आल्यावर केपला बारीक ओरखडा निघाला, फोटो पाठवले, ‘हे हस्तकलेचं वैशिष्ट्य आहे’ असं उत्तर आलं. ठीक आहे. हस्तकला.

तर गेल्या आठवड्यातला मेल. त्याच कंपनीचा. ‘आमच्या निष्ठावंत ग्राहकांसाठी सर्वप्रथम.’ खाली फोटो. मला वाटलं माझ्याच पुतळ्याचा आहे. तीच पोझ, तीच वळलेली मूठ, तोच फुटलेल्या फरशीचा बेस, केपची घडीसुद्धा तीच. डोकंही तेच, फक्त कॉलर कापून गळा मोकळा केलेला. आणि कंबरेला लाल चड्डी. नाव दिलंय ‘क्लासिक’. किंमत माझ्यापेक्षा जास्त! नवरी तीच, मांडव तोच, शालू तेवढा बदलला आणि परत आहेराची पाकिटं गोळा करायला उभे. बरं, चड्डी म्हणजे काय वेगळं शिल्प आहे का? निळ्या मांडीवर लाल रंग आणि वर एक पिवळा पट्टा. एवढ्या रंगात आमच्याकडे पोळ्याला चार बैलांची शिंगं रंगवून होतात. आणि ती मर्यादित आवृत्ती? तिला आता ‘आर्मर व्हर्जन, रिटायर्ड’ म्हणतात. मी विकायला काढला. हौशी मंडळींच्या ग्रुपवर फोटो टाकले, प्रमाणपत्रासकट, खोक्यासकट, दोन्ही डोक्यांसकट. पहिला प्रश्न: ‘भाऊ, चड्डीवाला नाही का?’ दुसऱ्यानं निम्मी किंमत सांगितली. तिसरा म्हणाला, केपवर ओरखडा दिसतोय. अरे, ती हस्तकला आहे!

आणि गंमत बघा, ज्यानं निम्मी किंमत सांगितली तोच तीन वर्षांपूर्वी त्याच ग्रुपवर छाती बडवून म्हणत होता की बिनचड्डीचाच सुपरमॅन खरा, चड्डी म्हणजे सर्कस. आता त्याच्या प्रोफाइलवर लाल चड्डी झळकतेय.

नाही, आता सरळच बोलतो. उपरोध बास.

पोशाख बदलू नये असं कोण म्हणतंय? आयर्न मॅन १९६३ साली राखाडी होता. दुसऱ्याच गोष्टीत लोक त्याला पाहून घाबरतात म्हणून तो चिलखत सोनेरी करतो. रंग बदलला आणि त्याला कारण मिळालं. डेअरडेव्हिल पिवळा होता, सातव्या अंकात लाल झाला, आणि आज पिवळा कुणाला आठवतही नाही, इतका लाल त्याला शोभला. स्पायडरमॅनचा काळा पोशाख १९८४ साली आला. ती कल्पना मार्व्हलनं, म्हणजे स्पायडरमॅन छापणाऱ्या कंपनीनं, एका वाचकाकडून २२० डॉलरला घेतलेली, आज तेवढ्यात पुतळ्याचं डिपॉझिट जेमतेम भरलं जाईल. पण त्या काळ्या कपड्याचं केलं काय बघा: तो कपडा जिवंत निघाला, पीटरनं, म्हणजे स्पायडरमॅननं तो झिडकारला, आणि १९८८ मध्ये त्यातून व्हेनम हा खलनायक उभा राहिला. चार वर्षं त्या एका कपड्यावर गोष्ट वाढत गेली. त्या काळ्या स्पायडरमॅनचा पुतळा घेणाऱ्याला कुणी ‘रिटायर्ड’ म्हणत नाही, कारण त्याच्या कपाटात गोष्टीतलं एक पर्व उभं असतं. माझ्या कपाटात काय उभं आहे? एका वर्षीच्या विक्रीच्या बैठकीत कुणाला तरी सुचलेली कॉलर. तिच्यामागं काय गोष्ट होती, सांगा! सात वर्षं चड्डी काढून ठेवली आणि मग ती परत चढवताना कौतुक कशाचं, तर परत चढवल्याचं. आधी तुम्हीच काढून घेतलेली वस्तू वाढदिवसाची भेट म्हणून परत देता आणि वर पैसे मागता?

पुतळेवाल्यांनो, तुम्हाला दोन वेळा विकायचं असेल तर विका, धंदा आहे. पण मग पहिल्या वेळी मर्यादित म्हणू नका. ज्याचा साचा तुम्ही पुन्हा वापरणार आहात त्याला नंबर घालून प्रमाणपत्र कशाला देता? चड्डीचा एक वेगळा जोड बनवून जुन्या गिऱ्हाइकाला विकला असता तर काय बिघडलं असतं? डोकी दोन-दोन देता, हात बदलून देता, कंबर बदलून द्यायला काय धाड भरली होती? देत नाही, कारण मग आम्ही दुसरा पुतळा घेणार नाही. एवढंच कारण आहे, ते ‘कलात्मक दृष्टी’ वगैरे मेलमध्ये लिहू नका.

आणि तुम्ही रे, ग्रुपवाल्या भावांनो! नवा पोशाख आला की दोन दिवस बोंबलता, बहिष्कार म्हणता, लहानपण हिरावलं म्हणता, आणि तिसऱ्या रात्री बारा वाजता प्री-ऑर्डर उघडली की पहिल्या पाच मिनिटांत पैसे भरून स्क्रीनशॉट टाकता. तुमची ओरड त्यांना ऐकू येते असं वाटतं का? त्यांना फक्त पैसे जमा झाल्याचं कळतं. बोंबललात तर भरू नका, भरलेत तर बोंबलू नका. आणि दुसऱ्याच्या बिनचड्डीच्या पुतळ्याला निम्मी किंमत सांगताना जरा लाज बाळगा. उद्या तुमचाही चड्डीवाला ‘रिटायर्ड’ होणार आहे, कॉलर परत येतेय तेवढी वाट बघा.

माझा पुतळा विकायला आहे अजून. केपच्या ओरखड्याचे पैसे कमी करेन, चड्डीचे एक रुपयाही नाही. घासाघीस करायची असेल तर फोन करू नका.