शेकी फसला नव्हता

एसआरआय या अमेरिकी संशोधन संस्थेच्या एआय केंद्रावरचा तुमचा लेख आवडला, पण ‘शेकी रोबोट डुगडुगत, रखडत चालायचा, त्यामुळे तो प्रयोग फसला’ हे वाक्य अजिबात पटलं नाही. तिथेच बनलेला, स्वतःची वाट स्वतः ठरवणारा शेकी (१९६६ ते १९७२) संथ होता हे खरंच. पण त्याच्या कामातूनच हार्ट, निल्सन आणि राफेल या तिथल्या संशोधकांचा ए-स्टार हा जवळची वाट शोधणारा अल्गोरिदम १९६८ मध्ये आला. आतापर्यंत कापलेलं अंतर अधिक उरलेल्या अंतराचा अंदाज, ही बेरीज जिथे सर्वांत कमी ती वाट आधी तपासायची. इतकी साधी कल्पना, आणि आजही ती व्हिडिओ गेममध्ये, रोबोटमध्ये वापरली जाते. असा प्रयोग फसलेला कसा?

मी अभियांत्रिकीच्या मुलांना एआय शिकवते. नुसतं सूत्र फळ्यावर लिहिलं की चेहरे कोरेच राहतात. खोल्या, दारं आणि मध्ये ठेवलेले ठोकळे काढून ‘आता तुम्ही शेकी, जा पलीकडे’ म्हटलं की मागच्या बाकावरूनही उत्तरं येतात. आणि लेखात एसआरआयमधूनच पुढे आलेल्या सिरी या आवाजी मदतनीसावर एवढे परिच्छेद असताना, शेकीसाठीच केलेल्या फाइक्स-निल्सन यांच्या स्ट्रिप्स या नियोजन-प्रणालीचा (१९७१) साधा उल्लेखही नाही? यंत्राने कृतींचा क्रम स्वतः कसा ठरवायचा, हे शिकवताना आम्ही आजही तिथूनच सुरुवात करतो.