अटॅक गेला, पण अंग अजून थरथरतंय

"ईसीजी नॉर्मल आला ना? मग आता झोपून काय राहिलास? ऊठ!"

पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक येणारा तीव्र भीतीचा झटका, ओसरल्यावर घरोघरी हेच ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या मनात काळजीच असते, पण हे बोलणं थांबायला हवं. ईसीजीत हृदय दिसतं. अटॅकभर आवळून धरलेले खांदे, जबडा आणि बरगड्यांमधले स्नायू त्यात दिसत नाहीत. अटॅकचा जोर साधारण १० मिनिटांत टोकाला पोचतो आणि बहुतेकदा अर्ध्या तासात उतरतो. त्यानंतरचा थकवा, डोकेदुखी, अंगदुखी, पातळ संडास आणि हातांची थरथर मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत राहू शकते. ही नाटकं नाहीत.

अटॅकमध्ये बोटांत येणाऱ्या मुंग्यांचं कारण कळलं तर निम्मी भीती जाते. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. रक्ताची आम्लता बदलते आणि मज्जातंतूंना उपलब्ध असलेलं कॅल्शियम तात्पुरतं घटतं. म्हणून ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, कधी बोटं वाकडी होऊन आखडतात. मेंदूकडचा रक्तप्रवाहही थोडा कमी होतो, म्हणून डोकं हलकं वाटतं. श्वास संथ झाला की हे आपोआप उलटतं.

आणि इथेच आपण चुकतो. बाजूचा माणूस कळवळून म्हणतो, "मोठा श्वास घे, अजून मोठा!" अटॅक आलेला बिचारा तोंडाने हवा ओढत राहतो आणि मुंग्या वाढतात. श्वास मोठा नको, हळू हवा. नाकाने ४ आकडे आत, ६ आकडे बाहेर. म्हणजे मिनिटाला ६ श्वास. एक हात पोटावर ठेवा, पोटच हललं पाहिजे. असं ५ मिनिटं पुरे. चार-सहा जड गेलं तर तीन-चारने सुरुवात करा, पण बाहेर सोडणं लांबच ठेवा. कागदी पिशवीत श्वास घेऊ नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर ते धोक्याचं आहे. त्या दिवशी कपालभाती आणि भस्त्रिकाही नको.

मग पाणी आणि खाणं. खूप घाम आला असेल किंवा संडास पातळ झाली असेल तर ओआरएस घ्या, पण पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. १ लिटरचं पाकीट अर्धं ग्लासात टाकून पिऊ नका. बीपी, शुगर किंवा किडनीचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पोट शांत होईपर्यंत दहीभात, मुगाची खिचडी, ताक. आपल्या नागपूरचे तर्री पोहे आणि सावजी दोन दिवस थांबू शकतात, कारण तिखटाने छातीत जळजळ झाली की मन लगेच "परत सुरू झालं" म्हणतं. टपरीवरचा चहा आणि कॉफी यांचंही तसंच, कॅफिनने धडधड वाढते.

दुसरा अटॅक बऱ्याचदा असाच येतो. उरलेली धडधड जाणवते, माणूस स्मार्टवॉचमध्ये नाडी बघतो, ९५ दिसते, घाबरतो, ती ११० होते. त्या दिवशी घड्याळ काढून ठेवा.

मान आणि खांद्यांना टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीने १५ मिनिटं शेक द्या. मे महिन्यात शेक नको वाटला तर कोमट पाण्याने आंघोळही चालते. दुपारी २०-३० मिनिटं झोपा, त्याहून जास्त नको, नाहीतर रात्रीची झोप जाते. दिवसभर अंथरुणात पडून राहिलं तर अंग आणखी आखडतं. सकाळी किंवा ऊन उतरल्यावर अंबाझरी किंवा फुटाळा तलावावर, नाहीतर आपल्याच गल्लीत १०-१५ मिनिटं चाला.

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, एक गोष्ट वेगळी ओळखा. पारा ४५ ला असताना चक्कर आणि धडधड उष्माघाताचीही असू शकते. अंग भाजल्यासारखं गरम आणि बोलणं असंबद्ध असेल तर श्वास मोजत बसू नका. अंग थंड करत १०८ ला फोन करा. छातीत दाब येऊन हातात किंवा जबड्यात कळ जाणं, शुद्ध हरपणं, एका बाजूची ताकद जाणं, तेव्हाही लगेच १०८ ला फोन करा. असा त्रास पहिल्यांदाच होत असेल तर "टेन्शन आहे" असं घरी ठरवू नका. तपासणी करा. थायरॉईड, हिमोग्लोबिन, शुगर हेही बघून घ्या.

अल्प्राझोलाम ही घबराटीवरची गोळी कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. त्याची सवय लागते आणि एकदम बंद केलं तर घबराट उसळते. डॉक्टरांनी दिलेल्या रोजच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून सोडू नका. नागपुरात मेडिकल, मेयो आणि एम्स या सरकारी रुग्णालयांमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. घराबाहेर पडवत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडे जाताना कागदावर लिहून न्या: किती वाजता सुरू झालं, किती मिनिटं चाललं, त्याआधी काय खाल्लं-प्यायलं, झोप किती झाली होती आणि नंतर काय काय किती वेळ दुखलं. शेवटचं डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.