केटो लावला म्हणून पाणी बदलणं सुटत नाही

पुण्यात खाऱ्या पाण्याचे टँक ठेवणारे आपण मोजकेच. त्यामुळे एखादा सल्ला निघाला की आठवड्याभरात सगळ्यांच्या फोनवर पोचतो. सध्या फिरतोय तो असा: "सम्पच्या (टँकखालच्या गाळणीच्या टाकीच्या) एका कप्प्यात शैवाल लावा, कॉलर्पा (वेलीसारखं समुद्री शैवाल) सर्वांत उत्तम. वर ग्रो लाइट 24 तास चालू ठेवा. नायट्रेट शून्यावर येईल, पाणी बदलावं लागणार नाही, पॉड्स (माशांचं खाद्य होणारे बारीक कवचधारी जीव) आपोआप होतील आणि मँडरिन मासासुद्धा सुखाने जगेल."

कोथरूडला माझ्या 200 लिटरच्या टँकखाली असा कप्पा आहे, त्यात केटो (केटोमॉर्फा, दोऱ्यांच्या गुंत्यासारखं हिरवं शैवाल) वाढतो. असा कप्पा म्हणजे रेफ्युजियम, ही या छंदातली माझी सर्वांत लाडकी गोष्ट, म्हणूनच हा संदेश वाचून राहवत नाही. यावर विसंबून मासे गेले की लोक नावं ठेवतात ती रेफ्युजियमला.

आधी पाणी बदलण्याचं बघू. माशांना घातलेल्या खाद्यातला नत्र आणि स्फुरद शेवटी नायट्रेट-फॉस्फेट होऊन पाण्यात उतरतो. केटो तो शोषून वाढतो, पण शोषलेलं सगळं सम्पमध्येच राहतं. ते घराबाहेर जातं फक्त आपण केटो काढून टाकतो तेव्हा. लसूणघासाचा वाफा कापत राहिलं तरच फुटतो, तसंच हे. कापलाच नाही तर गोळा घट्ट होतो, आतल्या भागाला उजेड मिळत नाही, तो कुजतो आणि शोषलेलं परत पाण्यात सोडतो. मी दर 2-3 आठवड्यांनी साधारण तिसरा हिस्सा काढते, निथळवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करते आणि वहीत लिहिते. वजन घटलं तर टँकमध्ये काहीतरी बिनसलंय, हे टेस्ट किटच्या आधी वही सांगते.

बरं, कापणी नियमित केली तरी पाणी बदलण्याची बाकीची कामं केटो करत नाही. प्रवाळ कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातले कार्बोनेट) खातात, ती केटो भरून देत नाही. लोह, आयोडीन, पोटॅशियम तर तो स्वतःच वापरतो. शिवाय शैवालातून झिरपणाऱ्या सेंद्रिय पदार्थांनी पाण्याला फिकट पिवळी झाक येते. पांढरी बादली भरून पाहिलीत की दिसेल. त्यासाठी गाळणीत सक्रिय कार्बन लागतो आणि ताजं पाणी लागतं. मी दर पंधरवड्याला 10 टक्के बदलते.

आता 24 तासांचा दिवा आणि कॉलर्पा. हे दोन्ही एकत्रच घ्यायला हवेत, कारण या सल्ल्याचं मूळ तिथे आहे. कॉलर्पाची एक पूर्ण वेल, पानं-खोड सगळं धरून, म्हणजे एकच अवाढव्य पेशी. ती प्रजननाच्या अवस्थेत गेली की आतलं सगळं पाण्यात सोडते आणि मागे पांढरी पारदर्शक टरफलं उरतात. पाणी हिरवट-दुधी होतं, ऑक्सिजन घसरतो, शोषलेलं सगळं एका दिवसात परत येतं. दिवा अखंड ठेवला तर हे टळतं, असा अनुभव सांगत काहींनी 24 तासांची पद्धत पाडली. पुढे कॉलर्पाची जागा बहुतेकांकडे केटोने घेतली, पण दिव्याचा सल्ला तसाच फिरत राहिला.

माझ्याकडे हे एका मे महिन्यात घडलं. सकाळी उठले तर टँकमधले मासे दिसत नव्हते. दोन क्लाउनफिश पृष्ठभागाशी धापा टाकत होते. शेजारच्या काकांनी एअर पंप आणून दिला म्हणून ते वाचले. एक गोबी मासा गेला. त्या दिवसापासून माझ्या सम्पमध्ये फक्त केटो.

केटोला असा अखंड उजेड लागत नाही. त्याला 10 ते 14 तास पुरतात, आणि ते रात्रीचे ठेवावेत. वरच्या टँकचा दिवा बंद झाला की प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वसन चालू राहतं, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पीएच उतरतो. त्याच वेळी खाली केटो तो वायू ओढून घेत असेल तर ही घसरण कमी होते. दिवसरात्र दिवा ठेवून हा फायदा वाढत नाही, वीजबिल वाढतं आणि कप्प्याच्या काचांवर चिकट शेवाळ धरतं.

नायट्रेट शून्य हे ध्येयच चुकीचं आहे. प्रवाळांनाही थोडं लागतं. सगळं शून्यावर गेलं की ते फिके पडतात आणि वाळूवर तपकिरी डायनोफ्लॅजेलेट्स (एकपेशीय सूक्ष्मजीव) पसरण्याचा धोका वाढतो. मी नायट्रेट 5 ते 10 पीपीएमच्या दरम्यान राखते. उलटही होतं. नायट्रेट 40, पण फॉस्फेट संपलेलं, मग केटो वाढायचा थांबतो आणि आपण दिवा बदलत बसतो.

पॉड्स मात्र खरंच होतात. मासे पोचत नाहीत अशी जागा मिळाली की ते वाढतात. पण मँडरिन दिवसभर एकेक टिपत हिंडणारा मासा आहे. 30-40 लिटरच्या कप्प्यातून त्याचं पोट भरत नाही. महिना-दोन महिने बरा दिसतो, मग पोट खपाटीला जातं. गोठवलेलं खाद्य खाताना दुकानात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो आणू नका.

टँकमध्ये कोणतं पाणी घालायचं, याबद्दल संदेशात एक अक्षर नाही. पुण्यात एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत बाष्पीभवन भरपूर, म्हणजे टॉप-अपही (उडालेलं पाणी भरून काढणं) भरपूर. मीठ मागे राहतं म्हणून टॉप-अप गोड्या पाण्याचंच, आणि ते टँकरचं किंवा बोअरचं नको. घरच्या पिण्याच्या आरओलाही बऱ्याचदा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कंट्रोलर असतो. तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. त्याच्यापुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार काढणारं) लावून टीडीएस शून्य होतो का, ते मीटरने बघा. नाहीतर नळाचं फॉस्फेट रोज आत ओतायचं आणि खाली केटोने ते काढायचं, असं चालू राहतं.

कापलेला केटो मी कधीच बेसिनमध्ये किंवा नाल्यात टाकत नाही, गच्चीवर वाळवून कचऱ्यात देते. कुणाला सुरुवातीला मूठभर हवा असेल तर कापणीच्या रविवारी आपल्या टँकचं पाणी डब्यात घेऊन यावं. घरी नेल्यावर तासभर पांढऱ्या बादलीत ठेवून एप्टेशिया (टँकभर पसरणारं उपद्रवी समुद्रपुष्प) आहे का ते आधी बघा. मी तपासूनच देते, पण चार डोळे बरे.