४० वॅटचं ऊन

गच्चीवरचं ऊन फुकट असतं हा माझा समज गेल्या एप्रिलपर्यंत टिकला होता.

राजेंद्रनगरातल्या आमच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे. बाबांनी ती बांधली तेव्हा वायरिंग राहून गेलं, आणि आमच्याकडे राहून गेलेल्या गोष्टीला कोणी हात लावत नाही. निवृत्तीनंतर मला तिथे वाचत पडायचं होतं. इलेक्ट्रिशियनला बोलावलं असतं तर दोन तासांत काम आटोपलं असतं. पण मी मोबाइलवर सोलरचे व्हिडिओ बघितले.

महाराणी रोडवरच्या दुकानदाराने ४० वॅटची सोलर प्लेट फडक्याने पुसून माझ्यासमोर धरली. "ले जाओ भिया, टेंशन मत लो. पंखा, बल्ब, मोबाइल, सब चल्लेगा." इंदुरात कोणी 'भिया' म्हटलं की माणूस निम्मा विरघळतो. उरलेला निम्मा मी पैसे मोजताना विरघळलो. प्लेट, १२ व्होल्टची बॅटरी, प्लेट आणि बॅटरीच्या मधे बसून चार्जिंग सांभाळणारा चार्ज कंट्रोलर, वायर, एक डीसी पंखा आणि बल्ब धरून साडेसात हजार गेले.

पहिला कंट्रोलर दहा मिनिटं जगला. बॅटरीचे चिमटे मी उलटे लावले होते. जळक्या प्लॅस्टिकचा वास जिन्यावरून स्वयंपाकघरापर्यंत गेला आणि खालून बायकोचा आवाज आला, "झालं का सुरू?" दुसरा कंट्रोलर आणल्यावर मी शहाण्यासारखा कागद वाचला. आधी बॅटरी जोडायची, मग प्लेट. काढताना आधी प्लेट, मग बॅटरी. नव्या सुनेला सांगावं तसं सगळं लिहून दिलं होतं.

मग व्होल्ट-अँपिअर मोजायचा मल्टीमीटर आला. ही वस्तू घरात आणू नये. ब्लडप्रेशरचं मशीन आणल्यावर जे होतं तेच होतं. भर दुपारी मोजलं तर २.१ अँपिअर, बॅटरीपाशी साडेबारा व्होल्ट. गुणाकार केला, २६ वॅट. उरलेले १४ वॅट कुठे गेले? प्लेटच्या पाठीवर छापलेले ४० हे प्रयोगशाळेतले असतात, प्लेट २५ अंशांवर असतानाचे. मे महिन्यात आमच्या गच्चीवर २५ अंश म्हणजे फार तर माठातलं पाणी. शिवाय प्लेटमधलं सिलिकॉन तापलं की व्होल्टेज उतरतं. म्हणजे बाईसाहेबांना ऊन हवं, पण उकाडा नको! त्यात माझा कंट्रोलर स्वस्तातला. प्लेटची साडेसतरा व्होल्ट द्यायची तयारी असली तरी तो तिला ओढून बॅटरीच्या पातळीवर आणतो. अँपिअर तेवढेच राहतात, वॅट हवेत विरतात. महागातला एमपीपीटी कंट्रोलर असं करत नाही, हे दुकानदाराने दुसऱ्या खेपेला सांगितलं.

प्लेट किती कलती ठेवायची याचा मी अभ्यास केला होता. इंदूरचा अक्षांश २२.७, म्हणून दक्षिणेकडे तोंड करून साधारण २३ अंश. भाच्याच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन विटा रचल्या. आई पापडाचं पीठ घेऊन वर आली, बघत उभी राहिली.

"ही अशी वाकडी का ठेवलीस?"

"आई, त्याला शास्त्र आहे."

"असेल. पण कुरडया काय कोणी तिरक्या वाळवतं?"

मी तिला कर्कवृत्त उज्जैनच्या जवळून जातं इथपासून समजावायला घेतलं आणि बोलता बोलता थांबलो. कर्कवृत्त जवळ म्हणजे मे-जूनमध्ये बाराचं ऊन जवळजवळ डोक्यावरच. तो २३ अंशांचा हिशेब वर्षभराच्या सरासरीचा. आई खाली गेल्यावर गुपचूप विटा काढल्या. कलती असताना २.०, आडवी असताना २.१. फरक एक दशांश अँपिअरचाच, पण आईच्या बाजूने.

पुढे मात्र युद्ध पेटलं. टाकीची सावली किती वाजता कुठे पोचते, शेजारच्या जिन्याची कधी सरकते, हे पन्नास वर्षांच्या वाळवणांनी आईला तोंडपाठ आहे. गच्चीवरची उत्तम जागा एकच आणि तिच्यावर जुनं धोतर अंथरून कुरडया. प्लेट टाकीशेजारी हद्दपार झाली. तिथे दोनच्या पुढे दोरीवरच्या टॉवेलचं टोक तिच्या कोपऱ्यावर हलायचं. वीतभर सावलीने काय होतंय, असं मला वाटे. पण आत ३६ सेल एकामागोमाग जोडलेले. पंगतीत वाढणारा एक जण अडला की मागचे सगळे भांडी घेऊन ताटकळतात, तसं. टॉवेल हलला की २.१ वरून आकडा ०.६ वर. पारव्याने शिटून ठेवलं तरी तीच कथा. मी टॉवेल सरकवायचो, बायको परत तिथेच घालायची.

एका संध्याकाळी धुळीचं वादळ आलं, सगळ्या गल्लीची लाईट गेली आणि माझा बल्ब तेवढा पेटलेला. आयुष्यात पहिल्यांदा शेजारी मला "बहोत बढ़िया काम किया भिया" म्हणाले, आणि सोबत आणलेले चार मोबाइल चार्जिंगला लावले. साडेनऊला बॅटरी फारच उतरली म्हणून कंट्रोलरनेच सगळं बंद केलं. अंधारात बायको म्हणाली, "पाच तास चांगलं ऊन धरलं तर दिवसाला किती वीज होते तुमची?" फार तर १३० वॅट-अवर, म्हणजे युनिटचा आठवा भाग. युनिटला सात रुपये धरले तरी रोज एक रुपयाही होत नाही. साडेसात हजार वसूल व्हायला वीस वर्षांहून जास्त, आणि ही बॅटरी चार-पाच वर्षांत संपणार. तिने हे मेणबत्तीच्या उजेडात, चिवड्यातली शेव वेचत, तोंडीच केलं.

दुसऱ्या दिवशी आईशी तह झाला. उत्तम जागेच्या एका कडेला प्लेट ठेवायची. बदल्यात मी साडेअकरा ते अडीच कुरडयांवरचे कावळे हाकायचे. खुर्ची टाकून बसलो. डोकं भाजायला लागलं तशी छत्री उघडली. तासाभराने सहज मीटर लावला तर अर्धा अँपिअरसुद्धा नाही. चिमटे घासले, वायर हलवून बघितली, कंट्रोलरचे स्क्रू आवळले, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर किती ते वाकून पाहिलं, दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "प्लेट उल्टी तो नी रख दी भिया?"

आई ताक घेऊन वर आली. माझ्याकडे बघितलं, प्लेटकडे बघितलं आणि पेला कठड्यावर ठेवत म्हणाली,

"अरे, आधी ती छत्री मीट."