प्रतिक्रियेला उत्तर : ‘रडगाणं’ म्हणालात म्हणून

विमुक्त दिनावरच्या माझ्या लेखाखाली ‘स्पष्टवक्ता’ या नावाने एका वाचकाने रात्री पावणेदोन वाजता प्रतिक्रिया टाकली आहे. मोठी आहे. थोडक्यात अशी : काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला (त्यातून सुटलेल्या त्या ‘विमुक्त’ जमाती), सत्तर वर्षं उलटली, आता हे रडगाणं थांबवा. लेखात साल चुकलंय. इंग्रजांच्या आधी ही माणसं सुखात होती असं भासवलंय. गुन्ह्यांचे आकडे दिलेले नाहीत. आजच्या पोरांचा त्या इतिहासाशी काय संबंध? आरक्षणावरही एक ओळ आहे. आणि शेवटी, ‘झालं का सर रडून? एसीत बसून पुरोगामीपणा करायला काय जातं?’

आधी साल. तुमचं बरोबर आहे. १८७१चा कायदा सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, मुंबई इलाख्यात तो १९११च्या कायद्याने आला. ‘१८७१पासून इथल्या पारधी-कैकाड्यांवर’ हे माझं वाक्य चूक होतं, दुरुस्त केलंय. हिशेबातून चाळीस वर्षं वजा झाली. तुम्हाला तेवढंच समाधान.

एसी माझ्याकडे नाही. पंखा आहे, तो कुरकुरतो.

आता ‘रडगाणं’. मतभेद मला चालतात. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय, उलट बोलणारी मुलं मला आवडायची. पण आपण कुणाच्या दुःखाबद्दल बोलतोय याचं भान न ठेवता पावणेदोन वाजता एक शब्द भिरकावून द्यायचा आणि स्वतःला स्पष्टवक्ता म्हणवून घ्यायचं, याला स्पष्टपणा म्हणत नाहीत. त्याला दुसरा शब्द आहे, तो मी इथे लिहीत नाही.

१९५२चंच बोलू, कारण तुमची सगळी मदार त्याच सालावर आहे. ३१ ऑगस्ट १९५२. म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षं सोळा दिवसांनी. तोवर देशाच्या काही भागांत या जमातींत जन्मलेल्या माणसाला स्वतंत्र भारतातही पोलिसांत हजेरी द्यावी लागत होती, गाव सोडायला पास लागत होता. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वस्ती होती, तिथून माणसं गिरणीत कामाला जात. आजही तिथे ‘सेटलमेंट’ म्हणालात की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो.

कायदा गेला आणि १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला. तो जातीला नाही, शिक्षा झालेल्या व्यक्तीला लागतो, हे मला ठाऊक आहे. ते सांगायला पुन्हा येऊ नका. कागदावरची भाषा बदलली, पोलिसांची वही चालू राहिली, एवढंच मी म्हणतोय. नसती राहिली तर ऑक्टोबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाका असं सांगावं लागलं नसतं. काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत विमुक्त जमातींबद्दल काय काय लिहिलेलं होतं, तेही त्याच निकालात आहे. २०२४, महोदय. १९५२ नव्हे.

आणखी एक गंमत ऐका. महाराष्ट्रात विमुक्त जातीचा दाखला काढायचा तर २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीपासून इथे राहत असल्याचा पुरावा मागतात. पालावर जन्मलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, सातबाऱ्यावर नाव नसलेल्या आजोबाचा पुरावा नातवाने कुठून आणायचा? सरकारदरबारी त्या आजोबाची नोंद असेलच तर पोलिसांच्या वहीत. ती कुणी नातवाच्या हातात देत नाही.

ही वही मी पुस्तकात वाचलेली नाही. माझे आजोबा पोलीस खात्यात होते आणि काही वर्षं एका सेटलमेंटवर हजेरी घेत. रात्री नाव पुकारायचं, झोपडीतून ओ आली की खूण करायची. हे ते आम्हाला हसत सांगायचे आणि वर अभिमानाने म्हणायचे, ‘माझी वही कधी चुकली नाही.’ माणूस वाईट नव्हता, आम्हा नातवंडांवर जीव होता त्यांचा. पण १९५२नंतरही ते त्याच खात्यात आणि त्याच तालुक्यात राहिले. गावात चोरी झाली की कुठल्या वस्तीवर जायचं हे त्यांना वही न उघडता पाठ होतं. संसदेत एक कायदा रद्द झाल्याने त्यांच्या डोक्यातलं काय पुसलं जाणार होतं?

आणि माझ्या? १९९४ची गोष्ट. वर्गात सहलीच्या पैशांचं पाकीट सापडेना. अठ्ठेचाळीस मुलं होती. मी सरळ तिसऱ्या बाकाकडे गेलो आणि एकाचं दप्तर जमिनीवर ओतलं. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याची वस्ती कुठली हे मला माहीत होतं, बास. पाकीट दुपारी शिक्षकखोलीत, माझ्याच कपाटात मिळालं. तोवर त्याने वह्या गोळा केल्या होत्या. दप्तर ओतलं तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, ‘झालं का सर?’

कायदा रद्द झाल्यावर तीस वर्षांनी जन्मलेलं पोर होतं ते. त्याचा इतिहासाशी काय संबंध, असं तुम्ही विचारता. त्याचा नसेल हो, माझा होता. माझा हात आपोआप त्याच्याच दप्तराकडे गेला, तो कुठून शिकला? त्यामुळे तुमचं ते ‘झालं का सर रडून’ मला जरा जास्तच लागलं. हे कबूल करतो आणि पुढे जातो.

बाकीच्या मुद्द्यांवर फार बोलण्यासारखं नाही. इंग्रजांच्या आधी काय होतं हा वेगळा विषय आहे, कधीतरी लिहीन. मी त्यांना सुखात होती असं म्हटलेलं नाही, लेख पुन्हा वाचा. वाचला असेल तर. गुन्ह्यांचे आकडे मागताय, तर संशयावरून कुणाला आधी उचललं जातं ते आधी बघा, मग आकडे मागा. आरक्षणाबद्दलच्या ओळीला उत्तर देण्याइतका वेळ माझ्याकडे नाही.

तुमची प्रतिक्रिया उडवून टाका असं दोघांनी कळवलंय. उडवणार नाही. सालाच्या दुरुस्तीखाली तुमचं नाव घातलं आहे, म्हणजे ‘स्पष्टवक्ता’ असंच, खरं नाव तुम्ही दिलेलं नाही. पुन्हा लिहिलंत तर ‘सर’ तेवढं म्हणू नका.