सरकार बदललं म्हणून फुलब्राइट बुडवायचं?

गेल्या काही महिन्यांत एक मजकूर बऱ्याच ग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: 'अमेरिकेत सरकार बदललं. परदेशी मुलांना बोलावून शिकवणं हे आधीच्या पक्षाचं खूळ होतं. तिथल्या करदात्यांचा पैसा त्यात जायचा, आलेली मुलं तिथंच राहायची, आणि व्हिडिओ कॉलच्या जमान्यात या देवाणघेवाणीची गरजही उरलेली नाही. फुलब्राइटसारख्या सरकारी शिष्यवृत्त्या बंद झाल्या तर बरंच. पुढच्या सरकारला वाटलं तर ते परत सुरू करील. उगाच ओरडून उपयोग नाही.'

मला हा मजकूर आपल्याच माणसांनी पाठवला. त्यातल्या दोघांच्या मुली सध्या याच शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरताहेत. म्हणून एकेक मुद्दा घेते.

'आधीच्या पक्षाचं खूळ.' ज्यांच्या नावाने ही शिष्यवृत्ती आहे, ते फुलब्राइट आर्कान्सासचे सिनेटर, डेमोक्रॅट. महायुद्ध संपल्यावर अमेरिकेचं बरंच लष्करी सामान परदेशांत पडून होतं. ते विकत घ्यायला त्या देशांकडे डॉलर नव्हते. मग त्यांच्याच चलनात येणारा पैसा शिष्यवृत्त्यांसाठी वापरायचा, अशी युक्ती फुलब्राइटांनी काढली आणि १ ऑगस्ट १९४६ ला राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी त्या कायद्यावर सही केली. इथवर एकाच पक्षाची गोष्ट आहे. पण पुढे ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, बुश राष्ट्राध्यक्ष असताना, मोठी मुस्लिम लोकसंख्या असलेल्या देशांतल्या शाळकरी मुलांना वर्षभर अमेरिकेत बोलावणारी योजना सुरू झाली. तिच्या नावात केनेडी आहेत आणि लुगरही. एक डेमोक्रॅट, दुसरे रिपब्लिकन. आपल्याकडचीही मुलं त्या योजनेतून गेली आहेत. ब्रिटनच्या मार्गारेट थॅचर यांना अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने असाच दौरा घडवला तो १९६७ मध्ये. तेव्हा त्या विरोधी बाकावरच्या एक खासदार होत्या. पंतप्रधान झाल्या बारा वर्षांनी. त्यांना काही कोणी डावं म्हणणार नाही.

'करदात्यांचा पैसा उधळला.' २०२४ च्या अर्थसंकल्पात अशा सगळ्या शैक्षणिक-सांस्कृतिक योजनांना मिळून सुमारे ७४ कोटी डॉलर होते. आकडा मोठा वाटतो खरा. पण त्या वर्षीचा केंद्र सरकारचा एकूण खर्च सुमारे ६ लाख ७५ हजार कोटी डॉलर. म्हणजे दहा हजार डॉलरमागे जेमतेम एक डॉलर. त्यातलाही बराच पैसा अमेरिकेतच राहतो: विद्यापीठाची फी, घरभाडं, विमा. विमानाचं तिकीटसुद्धा सरकारी पैशाचं असलं तर साधारणपणे अमेरिकी कंपनीचंच काढावं लागतं, तसा कायदाच आहे. आणि भारतापुरतं बोलायचं तर 'त्यांचा पैसा' हे म्हणणंच चूक. १९५० मध्ये दोन्ही देशांत फुलब्राइटचा करार झाला आणि २००८ पासून भारत सरकार खर्चात बरोबरीचा वाटेकरी आहे. फुलब्राइट-नेहरू हे जोडनाव तेव्हापासूनचं. योजना बुडाली तर आपणही घातलेलं भांडवल बुडतं.

'गेलेला परत येत नाही.' ज्यांनी डीएस-२०१९ हा कागद हातात धरलेला नाही, तेच हे म्हणतात. देवाणघेवाणीवर जाणाऱ्याला व्हिसासाठी लागणारा हा एक पानी फॉर्म. नाव, संस्था, कुठल्या तारखेपासून कुठवर, पैसे कोण किती देणार, सगळं त्यावर असतं. खाली डाव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट आहे. तिथं व्हिसा अधिकारी नोंद करतो, की हा माणूस दोन वर्षांच्या नियमात बसतो की नाही. फुलब्राइटवर जाणारा परदेशी विद्यार्थी बसतोच. त्याला मायदेशी येऊन एकूण दोन वर्षं राहिल्याशिवाय नोकरीचा एच-१बी व्हिसा मिळत नाही, ग्रीन कार्डही नाही. माफीची सोय आहे, पण सरकारी पैशावर गेलेल्याला ती सहजासहजी मिळत नाही. 'तिथंच राहतात' ही तक्रार करायचीच असेल तर ती दुसऱ्या कुठल्या व्हिसाबद्दल करावी.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. देवाणघेवाणीच्या नावाखाली सगळंच छान चाललं, असं नाही. ऑगस्ट २०११ मध्ये पेनसिल्व्हेनियात चॉकलेटच्या एका गोदामात उन्हाळी कामावर आलेले परदेशी विद्यार्थी संपावर गेले. जड खोकी उचलायची, रात्रपाळ्या करायच्या आणि भाडं कापून हातात तुटपुंजे पैसे घ्यायचे. संस्कृतीची ओळख कुठली त्यात! त्यांचा राग रास्त होता. पण पुढच्याच वर्षी परराष्ट्र खात्याने नियम कडक केले, कारखान्यातली, बांधकामावरची कामं या योजनेतून बाद केली. खोट दिसली ती दुरुस्त केली, योजना मोडीत काढली नाही.

'व्हिडिओ कॉल आहे की.' सोळा वर्षांची मुलगी दहा महिने अनोळखी घरात राहते. केनेडी-लुगर योजनेत तिला ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला त्याचे पैसेही मिळत नाहीत. भांडी कोणी घासायची, रविवारी चर्चला जायचं की नाही, रुसवा कसा काढायचा, हे दोघांनाही शिकावं लागतं. ते स्क्रीनवर होत नाही. याहून जास्त काय लिहू?

'पुढचं सरकार परत सुरू करील.' या भरवशावर राहू नका, अशी कळकळीची विनंती. जुलै २०२० मध्ये ट्रम्प यांनी एका आदेशाने चीन आणि हाँगकाँगमधलं फुलब्राइट थांबवलं. सहा महिन्यांत सरकार बदललं. बायडेन यांची चार वर्षं पूर्ण झाली, तरी ते परत सुरू झालं नाही. ब्रिटनचं उदाहरण घ्या. इरॅस्मस या युरोपातल्या विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या योजनेला धोका नाही, असं २०२० च्या जानेवारीत पंतप्रधान जॉन्सन संसदेत म्हणाले आणि डिसेंबरात ब्रिटन तिच्यातून बाहेर पडला. तिथं २०२४ मध्ये सरकार बदललं, तरी परत जाण्याचा निर्णय व्हायला २०२५ चा डिसेंबर उजाडला, आणि प्रत्यक्ष प्रवेश २०२७ मध्ये. मधल्या मुलांची वर्षं कोणी परत देत नाही.

'ओरडून उपयोग नाही.' मला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच, कारण हिशेब नेमकं उलटं सांगतो. ट्रम्प यांच्या पहिल्या सरकारने २०१८ साठी या योजनांची रक्कम निम्म्याहून खाली, २८.५ कोटी डॉलरवर आणायचा प्रस्ताव दिला. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ६४ कोटींहून जास्त दिले. २०१९ साठी प्रस्ताव १५.९ कोटींचा, मंजूर झाले ७० कोटी. २०१८ चे पैसे मंजूर झाले तेव्हा तर दोन्ही सभागृहांत रिपब्लिकनांचंच बहुमत होतं! माजी फुलब्राइटवाले आपापल्या खासदारांना जाऊन भेटत होते, यजमान कुटुंबं पत्रं लिहीत होती. एवढ्यानेच सगळं झालं असं मी म्हणत नाही, पण गप्प बसून हे झालं नसतं.

या वेळचं संकट मोठं आहे, हे खरं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पैसे अडकले आणि परदेशात असलेल्या विद्यार्थ्यांचा महिन्याचा खर्च थांबला. जूनमध्ये, निवडीत राजकीय ढवळाढवळ होते म्हणून फुलब्राइट मंडळाच्या १२ पैकी ११ सदस्यांनी राजीनामे दिले. २०२६ साठी तर ९३ टक्के कपातीचा प्रस्ताव होता. पण पैसे मंजूर करायचा हक्क तेव्हाही काँग्रेसचाच होता, यापुढेही तिचाच आहे.

तिथं आपलं मत नाही. पण तुमच्या मुलाला दहा महिने जेवू घालणाऱ्या ओहायोतल्या बाईंना मत आहे, तुमच्या प्राध्यापकांना आहे. त्यांना पत्र लिहा. तो शिष्यवृत्तीवर जाऊन आलेला मुलगा आता काय करतो, त्यांच्या गावाची आठवण कशी काढतो, ते लिहा. आणि शेवटी सरळ विचारा, की हे तुमच्या खासदाराच्या कार्यालयात फोन करून सांगाल का. पक्ष कुठला, हे विचारू नका.