‘मेणबत्त्यांनी बॉम्ब विझत नाहीत’ म्हणणाऱ्यांसाठी

६ ऑगस्ट जवळ आला, हिरोशिमाच्या आठवणी निघाल्या, की एक मेसेज हमखास फिरतो. सोसायटीच्या ग्रुपवर येतो, शाळासोबत्यांच्या ग्रुपवर येतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच. मेणबत्त्या लावून आणि सह्या गोळा करून जगातला एकही बॉम्ब कमी झालेला नाही. उलट बॉम्बमुळेच ऐंशी वर्षं महायुद्ध टळलं. युक्रेनने अण्वस्त्रं सोडली, त्याची गत बघा. आणि ही शांतीवाली मंडळी फक्त आपल्याच देशाला शहाणपण शिकवतात. युद्ध म्हणजे काय ते त्यांनी कधी पाहिलेलं नसतं.

पहिल्या मुद्द्यावर जरा जास्त वेळ घालवतो, कारण बाकीचे त्याच्याच आधाराने उभे आहेत आणि तो साफ खोटा आहे.

१९५० च्या दशकात अमेरिका आणि सोव्हिएत संघ उघड्या आकाशाखाली बॉम्ब फोडून बघत होते. त्यातून उडणाऱ्या धुळीत स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सारी मूलद्रव्य असतं. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं. पावसाबरोबर ते कुरणांवर उतरायचं, गवतातून गाईच्या पोटात, दुधातून पोरांच्या हाडांत. सरकारी उत्तर ठरलेलं होतं : प्रमाण नगण्य आहे, काळजीचं कारण नाही. हे खोडायचं तर मोजून दाखवायला हवं, पण जिवंत मुलाचं हाड तपासायला कोण देणार? दुधाचे दात मात्र आपोआप पडतात.

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात १९५८ च्या अखेरीस काही शास्त्रज्ञ आणि तिथले रहिवासी यांनी मिळून हे दात गोळा करायला घेतले. जीवशास्त्रज्ञ बॅरी कॉमनर त्यात होते, काम चालवायला डॉ. लुईझ राइस होत्या. शाळांतून, वाचनालयांतून, दातांच्या दवाखान्यांतून कार्डं वाटली. आईने लिहायचं : मुलाची जन्मतारीख, जन्म कुठे झाला, आईच्या दुधावर वाढलं की बाटलीच्या. सोबत दात. पाठवणाऱ्या मुलाला एक बिल्ला मिळायचा, त्यावर ‘मी माझा दात विज्ञानाला दिला’ अशा अर्थाचा मजकूर. असे तीन लाखांच्या आसपास दात जमले! १९६१ मध्ये पहिले निष्कर्ष छापून आले. १९५० च्या सुमारास जन्मलेल्या मुलांपेक्षा १९५४ मध्ये जन्मलेल्यांच्या दातांत स्ट्रॉन्शियम स्पष्टपणे जास्त होतं. ‘नगण्य’ म्हणणं यानंतर अवघड झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेतल्या अनेक शहरांत हजारो बायका घरचं काम टाकून चाचण्यांविरुद्ध रस्त्यावर आल्या. त्याआधी १९५८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी जगभरच्या नऊ हजारांहून जास्त शास्त्रज्ञांच्या सह्या संयुक्त राष्ट्रांकडे दिल्या होत्या.

५ ऑगस्ट १९६३ ला मॉस्कोत अंशतः चाचणीबंदीचा करार झाला. हवेत, पाण्याखाली, अवकाशात स्फोट बंद. त्याच्या दहा दिवस आधी राष्ट्राध्यक्ष कॅनेडी टीव्हीवर देशाला हा करार समजावून सांगत होते, तेव्हा त्यांनी मुलानातवंडांच्या हाडांतल्या कॅन्सरचा उल्लेख केला. हाडांची ही भाषा क्षेपणास्त्रं मोजणाऱ्या सेनापतींची नव्हती. सिनेटमध्ये करार ८० विरुद्ध १९ मतांनी मंजूर झाला. एकट्या चळवळीने हे घडवलं असं मी म्हणणार नाही. क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून वर्षभरापूर्वी अणुयुद्ध दारात येऊन ठेपलं होतं, त्या पेचप्रसंगाने दोन्ही बाजूंची झोप उडवली होती. शिवाय जमिनीखालचे स्फोट चालूच राहिले आणि फ्रान्स-चीनने सही केलीच नाही. पण कॅनेडींचेच विज्ञान सल्लागार जेरोम वाइझनर यांनी श्रेय देताना या बायकांचं आणि पॉलिंग यांचं नाव घेतलं. आपल्या ग्रुपवरच्या काकांपेक्षा त्यांना आतलं जास्त ठाऊक असणार.

‘हे अमेरिकेत चालतं हो, हुकूमशाहीत करून दाखवा’ असा उपप्रश्न येतोच. तर कझाकस्तान बघा. सेमिपालातिन्स्कच्या मैदानावर सोव्हिएत लष्कराने चाळीस वर्षांत ४५६ चाचण्या केल्या. फेब्रुवारी १९८९ मध्ये जमिनीखालच्या एका स्फोटातून किरणोत्सारी वायू बाहेर आला. कवी ओल्झास सुलेमेनोव्ह तेव्हा निवडणुकीला उभे होते. टीव्हीवर त्यांना कविता वाचायला बोलावलं होतं. त्यांनी कविता बाजूला ठेवली, थेट प्रक्षेपणात हा प्रकार सांगितला आणि लोकांना लेखक संघाच्या इमारतीपाशी बोलावलं. हजारो आले. सह्या दहा लाखांच्या पुढे गेल्या, कारागांडाच्या खाणकामगारांनी संपाचा इशारा दिला. त्या मैदानावरचा शेवटचा स्फोट १९ ऑक्टोबर १९८९ चा. २९ ऑगस्ट १९९१ ला मैदान कायमचं बंद झालं. बरोबर ४२ वर्षांपूर्वी, त्याच तारखेला आणि त्याच मैदानावर सोव्हिएत संघाची पहिली चाचणी झाली होती.

एकूण आकडाही पाहून घ्या. १९८६ मध्ये जगात ७० हजारांच्या आसपास अण्वस्त्रं होती, आज सुमारे १२ हजार. यात गोर्बाचेव्ह आले, शीतयुद्धाचा शेवट आला, सगळं आलं. पण ‘एकही कमी झालेला नाही’ हे कुठल्या हिशेबात बसतं?

आता बॉम्बमुळे शांतता. महासत्ता एकमेकींच्या अंगावर गेल्या नाहीत, त्यात भीतीचा वाटा असेल. मी नाकारत नाही. पण बॉम्ब जवळ असला की कुणी हल्ला करत नाही, हे इतिहासाला ठाऊक नाही. ब्रिटनकडे बॉम्ब होता, तरी १९८२ मध्ये अर्जेंटिनाने त्याच्या ताब्यातली फॉकलंड बेटं घेतली. पोखरणला भारताच्या आणि चगाईला पाकिस्तानच्या अणुचाचण्या झाल्या मे १९९८ मध्ये, कारगिल झालं १९९९ मध्ये. आणि जे टळलं ते किती वेळा निव्वळ नशिबाने टळलं! २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत उपग्रह यंत्रणेने अमेरिकी क्षेपणास्त्रं निघाल्याचा इशारा दिला. ड्युटीवरचे अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांनी तो खोटा ठरवून वर कळवला. तो खोटाच होता. हे धोरणाचं यश म्हणायचं, की एका माणसाच्या डोक्याचं?

युक्रेनचा मुद्दा त्यातल्या त्यात दमदार आहे. अण्वस्त्रं सोडण्याच्या बदल्यात युक्रेनच्या सीमांना हात लावणार नाही, हा १९९४ च्या बुडापेस्ट मेमोरँडममध्ये दिलेला शब्द रशियाने पायदळी तुडवला, यात वाद नाही. फक्त ती अण्वस्त्रं सोव्हिएत संघाची होती, ती डागण्याचे गुप्त संकेतांक मॉस्कोकडे होते. वापरता न येणाऱ्या बॉम्बने युक्रेन वाचला असता असं धरून चालणं म्हणजे फारच सोयीचं झालं.

राहिला ‘युद्ध न पाहिलेल्यां’चा मुद्दा. ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास १९७१ च्या युद्धात लढले, वीरचक्र मिळवलं, १९९० ते १९९३ नौदलप्रमुख होते. निवृत्तीनंतर अलिबागजवळ राहिले आणि भारतातल्या अण्वस्त्रविरोधी आघाडीच्या अग्रभागी उभे राहिले. २००४ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना आणि पाकिस्तानचे मानवी हक्क कार्यकर्ते आय. ए. रहमान यांना मिळून मिळाला. पलीकडे भौतिकशास्त्रज्ञ परवेझ हूडभॉय वर्षानुवर्षं पाकिस्तानी बॉम्बविरुद्ध बोलत आले आहेत, तेही पाकिस्तानात राहून. म्हणजे ‘फक्त आपल्यालाच’ हेही गेलं. शत्रूशी करार म्हणजे भाबडेपणा असं वाटणाऱ्यांनी १९८८ चा भारत-पाकिस्तान करार वाचावा : एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, आणि दर १ जानेवारीला त्यांच्या याद्या एकमेकांना द्यायच्या. कारगिलनंतरच्या १ जानेवारीला दिल्या, पुलवामानंतरच्याही दिल्या.

चळवळीवर टीका करायला जागा आहे, पण ती दुसरीकडे. २०१७ मध्ये अण्वस्त्रबंदीचा करार १२२ देशांनी संमत केला. भारत वाटाघाटींनाही बसला नाही. आणि त्याबद्दल इथे कुठल्या प्रचारसभेत कुठल्या उमेदवाराला कुणी प्रश्न विचारल्याचं मला तरी आठवत नाही.